मागच्या खोलीतली खुर्ची

प्रिय भिंगरी,

मायन्यातच माझी पंचाईत झाली बघ. कोर्टाच्या कागदांत तू ‘आरोपीची मुलगी’ आहेस आणि मी ‘तक्रारदार’. तिथे आपण अशा छापलेल्या आहोत, की जणू कधी एका सायकलवर डबलसीट बसून शाळेत गेलोच नाही, आणि उतारावर दोघी मिळून शेजाऱ्यांच्या कुंपणात घुसलोच नाही. पण तुला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारायला जीभ वळत नाही, तेव्हा भिंगरीच. आज शुक्रवार. सोमवारी न्यायाधीश तुझ्या बाबांची शिक्षा सांगणार आणि त्याआधी तू त्यांच्या बाजूने उभी राहून बोलणार. गुन्हा सिद्ध झालाय, त्यावर आता वाद नाही. वाद आहे तो किती वर्षं, आणि ती तुरुंगात की तुझ्या हमीवर घरात, एवढाच. अशा वेळी तक्रारदाराने समोरच्या बाजूच्या माणसाला पत्र लिहायचं नसतं, एवढं मला कळतं. आमच्या वकीलबाईंना समजलं तर त्या माझी चांगलीच खरडपट्टी काढतील. तुला वाटलं तर हे पत्र तू तुमच्या वकिलांना दाखव, माझी ना नाही. फक्त आधी शेवटपर्यंत वाच, मग काय ते कर.

माझं म्हणशील तर मी अजून बसस्थानकावरच आहे. गाड्यांच्या घोषणा करते. तुला हसू येईल, कारण शाळेत मला प्रार्थना सांगायला उभं केलं की माझ्या तोंडून नुसती हवा निघायची आणि मागून तू ओळी पुरवायचीस. आता दिवसभर बोलते. अमुक गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे, तमुक गाडी उशिराने सुटेल, गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. दिलगीर तर मी इतक्या वेळा असते, की घरात कुणाचा पाय मला लागला तरी मीच दिलगीर होते. लोक आवाज ओळखतात, चेहरा कुणी ओळखत नाही. मध्ये एकदा भाजीवाला सुटे पैसे देता देता थबकला आणि म्हणाला, बाई, त्या उशीर झालाय सांगणाऱ्या तुम्हीच का. मला काचेची एक खोली आहे. खुर्ची भिंतीला टेकवलेली, दाराला आतून कडी, आणि समोरून येणारा माणूस लांबूनच दिसतो. पगार बेताचा. वरच्या ऑफिसात बढतीवर जायची संधी दोनदा आली, मी दोनदा सोडली, कारण तिथली टेबलं दाराकडे पाठ करून मांडलेली आहेत. सांगताना मात्र सांगितलं की मला माईक सोडवत नाही. साहेब म्हणाले, याला म्हणतात कामावरची निष्ठा. त्यांनी माझं उदाहरण इतरांना दिलं, आणि मलाही तेच कारण खरं वाटायचं.

तुमचं घर मला अजून पाठ आहे. पुढे दवाखाना, मध्ये तुम्ही राहायचात, आणि मागे ती खोली. दवाखान्यात नवी खुर्ची आली तेव्हा जुनी काही तुझ्या बाबांना टाकवली नाही, ती त्यांनी मागच्या खोलीत ठेवली. गल्लीतल्या पोरांचे दात ते तिथेच बघायचे, आणि तेही फुकट. केवढं कौतुक होतं त्याचं. माझी आई म्हणायची, देवमाणूस आहे, नाहीतर हल्ली कोण कुणाच्या पोराकडे ढुंकून बघतंय. तू म्हणजे त्यांची चालतीबोलती जाहिरात. बाकावर पेशंट बसलेले असले की ते तुला आतून हाक मारायचे, तुझी हनुवटी वर करायचे आणि लोकांना म्हणायचे, बघा, असे दात पाहिजेत. तू मोठ्ठं ‘ई’ करून दाखवायचीस आणि पळायचीस. मी तुझ्यावर जळायचे. माझे पुढचे दोन दात वाकडे होते, आणि ते सरळ करायचे तर हिला नियमित यावं लागेल, असं त्यांनीच आईला समजावलं. म्हणून दर शनिवारी, शाळा सुटली की. मी त्यांना काका म्हणायचे. अजूनही मनात आधी काकाच येतं आणि मग अंगावर काटा येतो. त्या खोलीत काय व्हायचं ते मी इथे लिहिणार नाही. पोलिसांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, कोर्टात सांगितलं, आणि कोर्टात सांगितलं तेव्हा तू मागच्या बाकावर होतीस. तोंड उघडं ठेवायचं, बोलायचं नाही, हलायचं नाही, हललीस तर सुई लागेल. मला वाटायचं, दाताच्या डॉक्टरांकडे असंच असतं.

पुढे आईची बदली झाली आणि आम्ही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेलो. काही दिवस तुझी पत्रं आली, मग थांबली. मी फुगून बसले, म्हटलं, हिला नव्या मैत्रिणी मिळाल्या असतील. त्यानंतर मी दाताच्या डॉक्टरची पायरी म्हणून चढले नाही. दुखलं की गोळी, फारच दुखलं की दोन गोळ्या. एक दाढ किडली, मग तिची शेजारीण, आणि असं करत उजवी बाजू जवळजवळ गेलीच. मी डाव्या बाजूने चावायला शिकले, फोटोत ओठ मिटून हसायला शिकले, जांभई आली की तोंडावर हात धरायला शिकले. लग्नाच्या बोलण्यात सासूबाई म्हणाल्या होत्या, मुलगी किती शालीन आहे, दात दाखवून हसत नाही. मी खाली मान घातली, तीही त्यांना शालीनच वाटली. नवरा भला मिळाला, ते मात्र माझं नशीब. बायकोच्या मागून येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवायचा नाही, हे तो पहिल्या महिन्यात शिकला, कारण ठेवला तेव्हा हातातला उकळता चहा मी त्याच्या पायावर ओतला होता. त्याने कारण विचारलं नाही. तेव्हापासून तो घरात शिरताना गुणगुणत शिरतो, भयंकर बेसूर, आणि शेजारी म्हणतात काय आनंदी गृहस्थ आहेत. केस कापायला मी कुठे जात नाही, तिथली खुर्ची मागे कलते. तोच कापतो, आणि ते बघणाऱ्याला कळतंच.

आम्हाला मूल नाही, भिंगरी. होत नव्हतं असं नाही, मी होऊ दिलं नाही. त्याला फार हवं होतं. मला रोज एकच चित्र दिसायचं, की मूल होणार, त्याला दात येणार, ते पडणार, आणि मग आपल्याला त्याला कुठेतरी घेऊन जावं लागणार, कुणाच्या तरी हाती देऊन बाहेर बाकावर बसावं लागणार. आता असलं कारण नवऱ्याला कुठल्या तोंडाने सांगायचं. मी सांगितलं, मला नोकरी प्रिय आहे. त्याने ते मान्य केलं आणि दुसऱ्यांच्या मुलांसाठी पतंग बनवत बसला. मग दोन वर्षांपूर्वी माझा जबडा सुजला, ताप चढला, आणि त्याने मला अक्षरशः उचलून नेलं. डॉक्टर म्हणजे कालची पोरगी. तिने खुर्ची मागे न्यायला बटण दाबलं, मोटरचा तो आवाज आला, आणि मी शुद्धीवर आले ती जमिनीवर. त्या पोरीने मला उठवायची घाई केली नाही. पांढरा कोट सावरत माझ्याशेजारी फरशीवर मांडी घालून बसली आणि विचारलं, लहानपणी तुमचे दात कोण बघायचं. साधा प्रश्न. मला उत्तर ठाऊक होतं आणि ते तोंडातून बाहेर येईना. तिने वाट पाहिली. त्या दुपारी नवऱ्याला पहिल्यांदा सगळं कळलं, आणि दुसऱ्या आठवड्यात मी तक्रार केली. पुढे आपल्या गल्लीतल्याच आणखी दोघी आल्या. दवाखान्यात काम करणाऱ्या मावशींनीही सांगितलं, की शनिवारी दुपारी त्यांना काहीतरी काम काढून बाहेर पाठवलं जायचं. त्यांचं आता वय झालंय, सांगताना त्या सारख्या पदराने चष्मा पुसत होत्या.

दोषी ठरले तेव्हा मला वाटलं, सुटले. वकीलबाई म्हणाल्या, अहो, अर्धंच झालंय. गुन्हा झाला हे ठरणं वेगळं आणि त्याने माणसाची किती मोडतोड केली हे ठरणं वेगळं. मोडतोड जितकी टिकाऊ, तितकी शिक्षा जड. हात मोडला असता तर हाडाचा फोटो लावता आला असता, मनाचं काय लावणार. म्हणून मला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. म्हातारे गृहस्थ, डोक्यावर चष्मा ठेवून टेबलावर चष्मा शोधणारे. त्यांनी अगदी बारीकसारीक विचारलं. झोप कशी लागते, दारं कशी लावता, केस कोण कापतं, मूल का नाही. मी सांगत गेले, ते लिहीत गेले, आणि मला हळूहळू समजत गेलं की ज्याला मी आजवर माझा स्वभाव समजत होते, तो माझा स्वभाव नव्हताच. एकटं बसायला आवडणं, कमी हसणं, नोकरी प्रिय असणं, सगळं त्या खुर्चीतून आलेलं. मग माझं स्वतःचं असं काय उरलं? त्या दिवशी घरी येऊन मी कपाटातली सगळी कपडे-भांडी बाहेर काढली आणि त्यातलं मला खरोखर आवडतं ते कुठलं, हे ठरवत बसले. ठरवता येईना. दात गेल्याचं मला एवढं दुःख नाही, पण याचं फार आहे.

तुमच्या वकिलांनी नेमकं याच्यावर बोट ठेवलं. म्हणाले, बाई वर्षानुवर्षं नोकरी करतात, संसार नेटका आहे, कसलं व्यसन नाही, कधी इस्पितळात नाहीत, मग कायमचं नुकसान झालं ते कुठे? म्हणजे मी इतकी वर्षं पाय रोवून उभी राहिले, ते शेवटी यांच्या उपयोगी पडलं. आणि त्यावर कळस म्हणजे माझं निवेदन. नुकसान झालेल्या माणसाने ते स्वतःच्या शब्दांत न्यायाधीशांना सांगायचं असतं. मी कितीतरी दिवस घासूनपुसून लिहून नेलं होतं. पिंजऱ्यात जाऊन उभी राहिले, आणि समोर माईक. तिथेच माझा घात झाला. माईक समोर आला की माझा आवाज आपला आपण सरळ होऊन बसतो. आमच्याकडे नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच शिकवतात, की गाडी दरीत कोसळलेली असली तरी घोषणा त्याच आवाजात करायची, प्रवासी घाबरता कामा नयेत. मी झोपेचं वाचलं, दारांचं वाचलं, न झालेल्या मुलाचं वाचलं, सगळं स्पष्ट, सावकाश, एकेक शब्द सुटा, कुठे म्हणून अडखळले नाही. शेवटी तर तोंडून धन्यवादही निघून गेलं, ते कागदावर नव्हतं. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. तुमचे वकील उठले आणि अगदी सौजन्याने म्हणाले, सगळं शहर ज्या शांत आवाजाच्या भरवशावर प्रवास करतं तो आपण आत्ता ऐकला, त्यात जन्माचं दुखणं कुणाला ऐकू आलं का. न्यायाधीशांनी काहीतरी लिहून घेतलं. नवरा बाहेर जिन्यात बसून रडला. मला रडूसुद्धा येत नव्हतं, फक्त वाटत होतं की परत आत जावं आणि तेच सगळं एकदा किंचाळून सांगावं. पण निवेदन एकदाच करता येतं.

त्यानंतर तुमच्या वकिलांनी तुझं सांगितलं. बाबांचं वय झालंय, गुडघे गेलेत, तुझी आई गेल्यापासून एकटेच आहेत, आणि आता तू लेकीला घेऊन त्यांच्याजवळ राहायला आली आहेस. तेव्हा तुरुंगाऐवजी घरातच नजरकैद द्यावी, मुलगी जबाबदारी घेते, सोमवारी ती स्वतः उभी राहून तसं सांगेल. तू मान हलवलीस. मला तुझा राग आला, खोटं कशाला सांगू. इतका आला, की मधल्या सुट्टीत मी तुझ्या आधी उठून बाहेर आले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले. शेजारी एक मुलगी बसलेली, दोन वेण्या, पाय अधांतरी, आणि जिभेने पुढचा दात पुढेमागे चाललेला. नाक बघितलं आणि समजलं की ही कुणाची. मी काही बोलणार नव्हते. तीच म्हणाली, तुमचा आवाज मला माहितीये, मघाशी तुम्ही पाणी मागितलंत ना, तुम्ही टीव्हीत असता का. बसस्थानकावर बोलणारी ती बाई मीच, हे कळल्यावर इतकी खूश झाली की बक्षीस म्हणून तिने मला दात हलवून दाखवला. म्हणाली, हा रविवारी आजोबा काढणार आहेत. याच्या आधीचेही त्यांनीच काढले, मागच्या खोलीत एक खुर्ची आहे, ती वरखाली होते. मी विचारलं, आई असते ना जवळ. तर म्हणे, आई बाहेर थांबते, ती घाबरट आहे, म्हणून आजोबा दार लोटून घेतात. मी दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरून ठेवली. शिक्षेपर्यंत जामिनावर घरी सोडताना कोर्टाने तुझ्या बाबांना बाहेरच्या मुलांना भेटायची बंदी केली आहे, पण नात ती घरचीच, तिचा विचार कुणी केलेला नाही.

तेवढ्यात तू आलीस, चहा आणि बिस्किटं घेऊन. मला पाहून थबकलीस. तिला उठवलंस आणि समोरच्या बाकावर नेऊन बसवलंस. मला उठून जाता आलं असतं, पण मी बघत राहिले. तू बिस्किट चहात बुडवलंस, पार लगदा होईपर्यंत बुडवलंस, आणि डाव्या गालात सारलंस. चावलं नाहीस. मग लेक काहीतरी बोलली आणि तू हसलीस. तुझा हात तोंडावर गेला, पण जरा उशिरा गेला, आणि मला दिसलं. भिंगरी, तुझी वरची उजवी बाजू नाही. ज्या दातांचं गल्लीभर प्रदर्शन चालायचं ते दात. घरात डॉक्टर आहे, अवजारं आहेत, खुर्च्या एक सोडून दोन आहेत, आणि त्या घरातल्या मुलीच्या दाढा किडून पडतात, तरी तिला त्या कुणाला दाखवाव्याशा वाटत नाहीत, हे दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय विचित्र बाई आहे. मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. माझा सगळा राग उतरला. त्या जागी जे आलं त्याला काय म्हणायचं मला माहीत नाही, पण मला फार भीती वाटली.

तेव्हापासून मला एकेक आठवतंय. शनिवारी तू मागच्या खोलीचं दार वाजवायचीस. बाबा, फोन आलाय. बाबा, कुणीतरी बोलावतंय. ते चिडून बाहेर जायचे आणि फोनवर कुणी नसायचं. मला वाटायचं, ही वेंधळी आहे, हिला नीट ऐकूही येत नाही. एकदा ते बाहेर गेल्यावर तू आत आलीस, माझे बूट माझ्या हातात कोंबलेस आणि मला मागच्या अंगणातून पिटाळलंस. आणि मग तो एक शनिवार. मी दप्तर टाकून आले तर तू दारातच उभी. म्हणालीस, आज तुझं नाही, आज माझे दात बघायचेत, तू घरी जा. पुढच्या शनिवारीही तेच, त्याच्या पुढच्याही. मी उड्या मारत घरी गेले. तुझे दात तर तेव्हा गावात एक नंबर, त्यात बघायचं काय होतं, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. दार नेमकं कधी वाजवायचं, हे एवढ्याशा मुलीला कसं कळलं असेल? त्याच वर्षी तू बोलेनाशी झालीस. भिंगरी नाव पडलेली मुलगी मधल्या सुट्टीत बाकावर बसून राहायला लागली, आणि वर्गाच्या बाई आपल्या आयांना म्हणाल्या, मोठी होतेय, समज आली. आपल्या आयांनाही ते पटलं.

काल वकीलबाईंनी मला बोलावलं होतं. व्हरांड्यात त्यांचंही लक्ष होतं. त्या म्हणाल्या, सोमवारी ती बोलायला उभी राहिली की मी तिला एकच प्रश्न विचारू शकते, लहानपणी तुमचे दात कोण बघायचं. तेवढ्यात सगळं फिरेल, घरची कैद वगैरे विसरा, शिक्षा होईल ती पुरेपूर होईल. विचारू का, तुम्ही म्हणाल तसं. मी नाही म्हटलं. त्या खूप चिडल्या. म्हणाल्या, तुमच्या निवेदनाने आधीच घोळ झालाय, आता हाही मोहरा सोडताय. मी त्यांना सांगितलं, की जबरदस्तीने तोंड उघडायला लावणं आम्हा दोघींच्याही वाट्याला पुरेसं आलंय, मी तिला ते पुन्हा करायला लावणार नाही. तेव्हा सोमवारी तुला कुणी काही विचारणार नाही, हा माझा शब्द. तुला त्यांच्या बाजूने बोलायचं असेल तर बोल. ते घरी सुटून आले तर मला त्रास होईल, भयंकर होईल, पण तो माझा मी निस्तरेन. मलाही तू काही सांगायचं नाहीस, या पत्राचं उत्तरही नको. मी लिहिलंय ते सोमवारसाठी नाही, रविवारसाठी. उद्या सकाळी लेकीला घे आणि आमच्याकडे निघून ये. मी दोन दिवस सुट्टी टाकली आहे, पुढची खोली झाडून ठेवली आहे, पलंगावर धुतलेली चादर घातली आहे, पत्र आजच नवऱ्याच्या हाती पाठवतेय, पत्ता पाकिटावर आहे. घरी काय सांगायचं सुचलं नाही तर माझं नाव घेऊन काहीही सांग. आणि आमच्याकडे यायचं नसेल तर जिथे जायचं तिथे जा, पण परवा तिला त्या खोलीत जाऊ देऊ नकोस, आणि तू बाहेर उभी राहू नकोस. दुधाचा दात आहे तो. त्याला डॉक्टर लागत नाही, आपोआप पडतो.

तुझीच,
ठेंगू